दुसऱ्या दिवशीची कणीक

पुण्यातल्या खराडीत गेली चौदा वर्षं मी डबे करते. रोजचे साठ, आठवड्यातले सहा दिवस. थिटे वस्तीच्या आतल्या गल्लीत माझं स्वयंपाकघर आहे. खाणारी बहुतेक मुलं-मुली इऑन नाहीतर झेन्सारच्या बाजूच्या आयटी कंपन्यांत कामाला जातात आणि पीजीत राहतात. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी बेळगावकडचं. डब्याच्या निमित्ताने ओळख होते आणि एखाद्या रविवारी कुणीतरी चहाला येतं. अलीकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी तोच प्रश्न घेऊन येतं. "काकू, टीव्हीवरच्या कुकिंगच्या स्पर्धेला नाव द्यायचंय. निवड झाली तर नोकरी सोडू का?" आसपासच्या सोसायट्यांतल्या गृहिणीही येतात. त्या म्हणतात, "सगळे म्हणतात तुझ्या हाताला चव आहे. जाऊ का?"

जा, जरूर जा. पण नाव देण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या, कारण स्पर्धेत काय होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं असतं आणि स्पर्धेनंतरच्या सकाळी काय होतं ते फारसं कुणी बघितलेलं नसतं.

मागच्या वर्षी असाच एक मुलगा आला. कंपनीत चार वर्षं झालेली, पगार चांगला. त्याने घरून भरली वांगी करून आणली होती. वांगी अख्खी भाजलेली, तीळ-खोबऱ्याचा मसाला बाजूला, वर दाण्याचं कूट भुरभुरलेलं. ताटली चित्रासारखी दिसत होती आणि चव खरंच उत्तम होती. मी त्याला तोंडभर शाबासकी दिली आणि सांगितलं, "मंगळवारी पहाटे साडेचारला ये."

आला बिचारा. परातीत आठ किलो कणीक मळून झाकून ठेवली होती. साठ डबे, प्रत्येकात चार पोळ्या, म्हणजे दोनशे चाळीस. आम्ही दोघी रोज लाटतो, त्या दिवशी तिसरं पोळपाट त्याला दिलं. त्याच्या पहिल्या वीस पोळ्या बघण्यासारख्या होत्या. गोल, घडीच्या, तव्यावर टम्म फुगणाऱ्या. चाळिशीनंतर हात जड झाला. कडा जाड राहायला लागल्या, मध्ये पोळी पातळ व्हायला लागली, घडी सुटेना. मी एक पोळी बाजूला काढली. तो म्हणाला, "काकू, एवढी एक चालून जाईल ना?" मी म्हटलं, "बाळा, ज्याच्या डब्यात ती जाणार त्याने तुझ्या पहिल्या वीस बघितलेल्या नाहीत. त्याच्या ताटात हीच आहे."

सात वाजता तो ओट्याला टेकून उभा होता. मनगट चोळत म्हणाला, "आणि उद्या?" मी म्हटलं, "उद्या बुधवार. कणीक तेवढीच."

त्याला मी नोकरी सोड असंही म्हटलं नाही आणि सोडू नको असंही म्हटलं नाही. ते ठरवायच्या आधी ज्यांनी खरोखर स्पर्धा जिंकल्या त्यांचं पुढे काय झालं, ते बघ असं सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते.

मास्टरशेफ इंडियाचं पहिलं पर्व २०१० साली सुरू झालं आणि लखनौच्या पंकज भदौरिया जिंकल्या. सोळा वर्षांची शिक्षिकेची नोकरी सोडून त्या स्पर्धेत उतरल्या होत्या. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं, नोकरी सोडली आणि जिंकल्या. त्यापुढचं बघा. त्यांनी पाककृतींची पुस्तकं लिहिली, टीव्हीवर पदार्थ करून दाखवले, लखनौत पाककला शिकवणारी संस्था काढली. म्हणजे सोळा वर्षं वर्गात उभं राहून समजावून सांगायची जी सवय लागली होती, तिच्यावरच त्यांचं पुढचं आयुष्य उभं राहिलं. खडूच्या जागी हातात उलथनं आलं, शिकवणं तेच.

मंगळूरचा मोहम्मद आशिक घ्या. २०२३ च्या शेवटी त्याने आठवं पर्व जिंकलं. त्याच्या आधीच्या पर्वात त्याची निवड हुकली होती. पण स्पर्धेआधीपासून त्याचं मंगळुरात सरबतांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं, माल किती आणायचा, संध्याकाळी गल्ल्यात काय उरलं ते कसं मोजायचं, हे त्याला ट्रॉफीच्या आधीच येत होतं.

राहुल मंडल हा कोलकात्याचा मुलगा. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळच्या एका अणुऊर्जेशी संबंधित संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. २०१८ साली त्याने ब्रिटनची सर्वांत गाजलेली बेकिंगची स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेत रोख बक्षीस नसतं. फुलांचा गुच्छ आणि केक ठेवायचा नक्षीदार स्टँड, एवढंच मिळतं. राहुल पुन्हा आपल्या प्रयोगशाळेत कामाला गेला, आणि केक करत राहिला. माझ्याकडे येणाऱ्या आयटीतल्या मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगते. नोकरी करत राहिला म्हणून त्याचं जिंकणं तसूभरही कमी झालं नाही.

या तिघांत मला एकच गोष्ट दिसते. स्पर्धेने त्यांना नाव दिलं, पण पुढे त्यांना तारलं ते स्पर्धेआधी कमावलेल्या विद्येने. तेव्हा तुमची आजवरची विद्या, मग ती हिशेबाची असो, कोडिंगची असो, नर्सिंगची असो की वीस वर्षं घर चालवायची असो, कचऱ्यात टाकून नव्याने सुरुवात करू नका. तीच पुढे उपयोगी पडणार आहे.

आता पैशाचं. संकोच बाजूला ठेवून बोलते, कारण आपल्याकडे या बाबतीत कुणी स्पष्ट बोलत नाही.

समजा बक्षीस २५ लाखांचं आहे. आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया २०२३ मध्ये मास्टरशेफ इंडियाचं सातवं पर्व जिंकला तेव्हा रक्कम तेवढीच होती. टीव्हीवरच्या अशा स्पर्धेच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के आयकर लागतो, वर ४ टक्के उपकर. त्यात सूट नाही, खर्चाची वजावट नाही. २५ लाखांतले ७ लाख ८० हजार गेले, हातात आले १७ लाख २० हजार. मोठी रक्कम आहे, नाही कुठे म्हणते? पण खराडीत त्यात साधा एका बेडरूमचा फ्लॅट येत नाही, आणि आज महिन्याला लाखाच्या आसपास पगार घेणाऱ्याचे ते दीड वर्षाच्या आतले पैसे आहेत. शिवाय हे मिळतात एकालाच. बाकीच्यांपैकी बहुतेकांना मिळतो तो अनुभव आणि ओळख. त्याच सातव्या पर्वात आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बागुल शेवटच्या तिघांत पोचल्या होत्या. ती काही लहान गोष्ट नाही. पण अनुभव आणि ओळख घरभाडं भरत नाहीत, त्यांचं रूपांतर कामात आपल्यालाच करावं लागतं.

मग मुलं म्हणतात, "काकू, नाव झालं की क्लाउड किचन टाकू." टाका की. पण आधी एका डब्याचा हिशेब कागदावर मांडा. मी माझा मांडून दाखवते. डबा १०० रुपयांना धरू. त्यातले ४५ किराणा आणि भाजीला जातात. ६ गॅसला, ६ डबा आणि पिशवीला, १५ पोहोचवणाऱ्याला, १२ मदतीला येणाऱ्या बाईला. झाले ८४. उरले १६. साठ डब्यांचे दिवसाला ९६०, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे २४,९६०. जागेचं भाडं यातच द्यायचं. मिक्सर जळला, तोही यातच. पावसाळ्यात चंदननगरच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी दहावरून पन्नासवर गेली, तरी डबा शंभरालाच. आता तेच अॅपवरून विकायचं ठरवलं आणि अॅपने शंभरातला पाव हिस्सा घेतला असं धरा. पोहोचवणाऱ्याचे १५ वाचले, अॅपचे २५ लागले. उरले ६. साठ डब्यांचे ३६० रुपये.

हे घाबरवायला सांगत नाही. या धंद्यावर मी दोन मुलांची शिक्षणं केली आहेत. पण मला १६ रुपये माहीत होते म्हणून ते जमलं. ज्यांना ते माहीत नसतात, त्यांची किचनं वर्षाच्या आत बंद होताना मी याच गल्लीत बघितली आहेत. स्वयंपाक चांगला होता त्यांचा. हिशेब नव्हता.

आणि संकट सांगून येत नाही. ओडिशाचा अबिनाश नायक सॉफ्टवेअर इंजिनिअर. तुमच्यासारखाच. १ मार्च २०२० ला त्याने मास्टरशेफ इंडियाचं सहावं पर्व जिंकलं, आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. हॉटेलं बंद, कार्यक्रम बंद. त्याच महिन्यात खराडीतले पीजी रिकामे झाले. माझे साठ डबे नऊवर आले. त्या नऊत दोन नर्स होत्या, बाकी वॉचमन. त्या वेळी मला वाचवलं ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढ्या बाजूला टाकलेल्या पैशाने. ही सवय मला माझ्या सासूबाईंनी लावली. तुम्हाला मी लावते आहे असं समजा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा लिहू नका.

फ्लॉइड कार्डोझ यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. घराणं गोव्याचं, वाढले मुंबईत. न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या तबला या रेस्टॉरंटचे ते मुख्य शेफ. बारा वर्षं ते नावाजलेलं राहिलं आणि २०१० च्या अखेरीस बंद पडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या टॉप शेफ मास्टर्स या स्पर्धेत ते उतरले, आणि अंतिम फेरीत, जगभरच्या पदार्थांचं शिक्षण घेतलेल्या त्या माणसाने काय केलं असेल? उपमा. लहानपणीचा रव्याचा उपमा, त्यात रानातल्या अळंब्या, कोकम आणि नारळाचं दूध. जिंकले. बक्षिसाचे एक लाख डॉलर कर्करोगाच्या संशोधनाला गेले, कारण त्या स्पर्धेत सगळे धर्मादाय कामासाठीच खेळत होते. जिंकल्यानंतर सगळं सुरळीत झालं का? नाही. २०१६ मध्ये त्यांनी पाववाला नावाचं रेस्टॉरंट काढलं, दोन वर्षांनी त्याचं रूप आणि नाव बदललं, २०१९ मध्ये ते बंद करावं लागलं. पण मुंबईत २०१५ साली तरुण सहकाऱ्यांबरोबर सुरू केलेलं बॉम्बे कँटीन उभं राहिलं. मुंबईहून परतल्यावर कोविडने त्यांना गाठलं आणि २५ मार्च २०२० ला, आपल्याकडे टाळेबंदी लागली त्याच दिवशी, ते गेले.

त्यांच्या आयुष्यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, स्पर्धेला जाताना परक्याच्या घरचा पदार्थ घेऊन जाऊ नका. तुमची आजी करायची ती शेंगोळी, ते वरणफळ, ती कळण्याची भाकरी, यात तुमचा हात बसलेला असतो, आणि घाई-गडबडीत बसलेला हातच कामी येतो. दुसरी, एवढा शिकलेला, एवढा नावाजलेला माणूस, त्याचीही दुकानं बंद पडली. तुमचं एखादं बंद पडलं तर तोंड लपवू नका. पण ते बंद पडलं तरी घर चालू राहील, एवढी तजवीज ठेवा.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं, वही घाला. अंदाजाने मीठ टाकणं घरात शोभतं, पण विकायचं असेल तर माप लागतं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घरोघरी गेलं, त्याचं मोठं कारण म्हणजे वाटी-चमच्याचं नेमकं माप. सासरी आलेल्या नव्या मुलीला त्या मापाने पदार्थ जमत होता. तुमचा पदार्थ तुम्ही नसताना दुसऱ्याला जमला पाहिजे, तेव्हा तो धंदा होतो.

दुसरं, नोकरी सांभाळून तीन महिने दर रविवारी वीस ताटं विका. मित्रांना फुकट नका देऊ, पैसे घ्या. फुकट खाणारा नेहमी छान म्हणतो. पैसे दिलेला माणूस दुसऱ्यांदा मागवतो की नाही, ते बघा.

तिसरं, कागदपत्रं. एफएसएसएआयची नोंदणी ऑनलाइन होते, तिचा चौदा आकडी नंबर मिळतो. तो घेतल्याशिवाय बाहेर एक घास विकू नका. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवा, स्फोट झाला तर विमा कंपनी आधी हेच विचारते. आणि स्पर्धेत निवड झाली की जो करार समोर येतो, तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आपलं नाव, आपला चेहरा, आपल्या पाककृती किती काळ कुणाच्या ताब्यात राहणार, हे त्यात लिहिलेलं असतं. आनंदाच्या भरात माणूस शेवटच्या पानावर सही करतो, मधली पानं वाचत नाही.

चौथं, घरच्यांशी बोला. नयनज्योतीच्या वडिलांना हा स्वयंपाकाचा नाद पसंत नव्हता. त्यांची समजूत घालायला परीक्षक विकास खन्ना स्वतः तिनसुकियाला गेले होते. तुमच्या घरी कुणी विकास खन्ना येणार नाहीत. शूटिंगसाठी आठवडेच्या आठवडे बाहेर राहावं लागतं. त्या काळात मुलांचा डबा कोण करणार, सासऱ्यांची औषधं कोण देणार, हप्ता कशातून जाणार, हे आधी बसून ठरवा.

हे चौथं विशेष करून घरातल्या पुरुषांना सांगते. तुमची बायको, बहीण, आई स्पर्धेला जायचं म्हणाली तर "घरचं कोण बघणार" हा प्रश्न तिला विचारू नका. तो स्वतःला विचारा आणि उत्तर देऊन मोकळे व्हा. महिनाभर कुकर लावायला शिका. तुमच्या ऑफिसमधला मुलगा शेफ व्हायचं म्हणतो तेव्हा त्याला धाडसी म्हणता. रोज तीस वर्षं तेच काम केलेली बाई तेच म्हणते, तेव्हा तिच्या डोक्यात खूळ शिरलंय असं म्हणू नका.

पाचवं, एकटं राहू नका. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवायच्या. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि वाण्याच्या, सावकाराच्या उधारीखाली दबलेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे त्यांच्या कन्या मेधाताईंनी ते काम अन्नपूर्णा परिवाराच्या रूपाने पुण्यात वाढवलं. आज खराडीत गिरण्या नाहीत, काचेच्या इमारती आहेत. पण गावाकडून आलेलं पोर तेच आहे, त्याची भूक तीच आहे, आणि त्याला जेवू घालणारी बाई अजून तशीच वेगवेगळ्या गल्ल्यांत एकेकटी राबते आहे. म्हणून आम्ही सात जणी तेल आणि गहू मिळून मार्केट यार्डातून आणतो. किलोमागे चार पैसे वाचतात, आणि कुणी आजारी पडली तर तिचे डबे बाकीच्या वाटून घेतात. तुम्ही या धंद्यात उतरलात तर आधी आमच्यासारख्यांना शोधा. आम्ही तुम्हाला स्पर्धक समजणार नाही.

तो मुलगा अजून नोकरीत आहे. रविवारी वीस ताटं भरली वांगी आणि भाकरी विकतो. पहिल्या महिन्यात त्याला ताटामागे अकरा रुपये तोटा झाला, तो त्याने स्वतः शोधून काढला. तीळ जास्त पडत होते. यंदा तो स्पर्धेचा फॉर्म भरणार आहे. निवड झाली तर मी त्याला स्टेशनवर सोडायला जाणार आहे. निवड झाली नाही तर सोमवारी तो कामावर जाईल आणि रविवारी त्याची वीस गिऱ्हाइकं वाट बघत असतील. दोन्हीकडून त्याचं बरंच होणार आहे, आणि मला सगळ्यांसाठी हेच हवं आहे.

तेव्हा खराडीतल्या, चंदननगरच्या, वाघोलीच्या, ज्या कुणाच्या हाताला चव आहे आणि डोळ्यांपुढे टीव्ही आहे, त्या सगळ्यांना सांगणं आहे. फॉर्म भरा, मनापासून भरा. पण त्याआधी एकदा कुणा डबेवालीच्या ओट्यापाशी उभे राहा. आमच्यापैकी कुणीही नाही म्हणणार नाही. माझं दार पहाटे साडेचारला उघडं असतं. येताना एप्रन आणू नका, वही आणा.